हाजांच्या पुढ्यातला कप

हस्तांदोलन करायचं की नाही, हे त्या उन्हाळ्यात कुणालाच धड ठाऊक नव्हतं. माझ्यासारख्या माणसाला ते फार जड गेलं. मी चौतीस वर्षं अम्मानच्या दक्षिणेकडच्या करकमध्ये शाळेत भूगोल शिकवला. नदी कुठे उगम पावते आणि कुठे जाऊन मिळते, हे एकदा पाठ केलं की मरेपर्यंत पुरतं. पण त्या जुलैत, म्हणजे आमच्याकडच्या भर उन्हाळ्यात, दोन माणसं समोरासमोर आली की एकाचा हात पुढे, दुसऱ्याचं कोपर पुढे, आणि तिसरा छातीवर हात ठेवून दोन पावलं मागे. मशिदीच्या दारात माझ्या साडूने मूठ पुढे केली, मी नेमका मिठीसाठी वाकलो, आणि ती मूठ माझ्या बरगडीत बसली. दोघांनीही अल्लाचे आभार मानून विषय मिटवला.

सरकार म्हणत होतं, लस घ्या आणि नेहमीसारखं जगायला लागा. त्याच बातम्यांत पाच मिनिटांनी म्हणत होतं, गाफील राहू नका. माझी बायको नजाह टीव्हीकडे बघत विचारायची, "म्हणजे नक्की काय करू? बाहेर पडू की दार लावून बसू?"

मी म्हणायचो, "बाहेर पड आणि दार लावून घे."

"अशीच उत्तरं द्यायचात वर्गात? आणि वर पेन्शन घेता?"

अशा दिवसांत मला मुलाच्या लग्नाची मागणी घालायला जायचं होतं. मुलगा मुईन, वय तेहतीस. मुलगी तफीलेची, शुरूक, प्रयोगशाळेत नोकरीला. दोघं विद्यापीठापासूनची ओळखीची, दोघांची पसंती, बायकाबायकांचं बोलणंही झालेलं. राहिली होती फक्त जाहा. आमच्याकडे मुलीच्या घरी वडीलधारी मंडळी वाजतगाजत जाऊन चारचौघांत मागणी घालतात, तिला जाहा म्हणतात. ती झाल्याशिवाय बाकी सगळं हवेत. आणि ती तीनदा पुढे ढकलली गेली होती. पहिल्यांदा देशच बंद झाला. दुसऱ्यांदा माझी आई वारली. तिसऱ्यांदा आदल्या संध्याकाळी मुलीच्या काकांना ताप आला.

शुरूकचे वडील नायेल मनाने चांगले, पण नाकावर राग. मुलाच्या नावावरून बापाला अबू, आईला उम्म म्हणायची आमची रीत. फोनवर त्यांनी मला स्पष्टच सांगितलं, "अबू मुईन, चौथ्यांदा काही झालं तर मी समजेन की हे अल्लाच्याच मनात नाही. माझ्या पुतण्याचीही मागणी आलीय. तो काही रोगबिग मानत नाही, हाक मारली की हजर."

हे मी मुईनला सांगितलं नाही. त्याला ते आधीच ठाऊक होतं. गेले दोन महिने तो घरात जेवत होता, पण काय जेवतोय हे त्याला कळत नव्हतं.

पूर्वी जाहा म्हणजे दोनशे-अडीचशे माणसं. नायेलनी वीस सांगितली. वीस! मी कागद घेऊन बसलो आणि तीन दिवसांत अर्ध्या भावकीशी वैर घेतलं. ज्यांना वगळलं ते म्हणाले, आम्ही काय आता परके झालो. ज्यांना बोलावलं त्यांतले चौघे म्हणाले, अरे बाबा, घरात म्हातारी आई आहे, आम्हाला का गोवतोस. रागावणारेही खरे आणि घाबरणारेही खरे.

एका बाबतीत मात्र माझ्या मनात शंका नव्हती. जाहाचं पुढारपण माझे थोरले चुलत भाऊ हाज दैफल्लाह करणार. वय चौऱ्याहत्तर, हजयात्रा केलेले म्हणून सगळ्यांचे 'हाज', आवाज खणखणीत, आणि त्यांनी नेलेली जाहा रिकाम्या हाती परत आल्याचं कुणी ऐकलेलं नाही. मी फोन केला, ते "बरं" म्हणाले. एवढंच. पूर्वी ते इतकं कमी बोलत नसत, पण तेव्हा सगळेच कमी बोलायला लागले होते.

मग कॉफीचा वाद निघाला. माझ्या पुतण्याने सुचवलं की तफीलेकरांना सांगू, कागदी कप ठेवा, प्रत्येकाला वेगळा. मी घाबरत घाबरत नायेलना फोन लावला.

"कागदी?" ते म्हणाले. "अबू मुईन, मी मुलगी देतोय की बसथांब्यावर चहा विकतोय?"

"नाही, म्हणजे सध्या सगळीकडे..."

"सध्या सगळीकडे काय चाललंय ते मला नका सांगू. सगळ्यांनी लस घेतलीय ना? मग माझ्या आजोबांचे कप आहेत, त्यातच होईल."

मी "हो हो, अगदी बरोबर" म्हणालो आणि फोन ठेवला. मला वाटलं, कपासारख्या गोष्टीवर लग्न मोडायला नको. केवढा शहाणा मी!

शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर आम्ही सात गाड्यांतून तफीलेला पोचलो. नायेलच्या बैठकीत तिन्ही भिंतींना गाद्या, खिडक्या सताड उघड्या. माणसांत हातभर अंतर ठेवून बसवलं होतं. पण तेवढ्या अंतरावरून कुणाला कुणाचं ऐकू येईना, म्हणून दहा मिनिटांत सगळे सरकत सरकत पूर्वीसारखे खांद्याला खांदा लावून बसले. निम्म्यांच्या तोंडावर मास्क, निम्म्यांच्या हनुवटीवर. बायका पलीकडच्या खोलीत, मधलं दार बंद. मुईन माझ्या डाव्या हाताला, हाज उजव्या हाताला. हाजांचा मास्क नाकावर घट्ट होता.

नायेलचा धाकटा भाऊ सुलेमान कॉफीची सुरई घेऊन आला. डाव्या हातात सुरई, उजव्या हातात एकावर एक बसवलेले दोन कप. आधी त्याने एक कप भरून घरच्या यजमानाला दिला. नायेलनी तो सगळ्यांच्या डोळ्यांसमोर पिऊन रिकामा केला. यजमानाने आधी प्यायची, म्हणजे पाहुण्याला कळतं की यात काही कालवलेलं नाही, निर्धास्त प्या. मग सुलेमानने तोच कप झटकला, भरला आणि हाजांना दिला.

हाजांनी तो घेतला आणि पुढ्यातल्या बुटक्या टेबलावर ठेवला. इथवर सगळं रीतीप्रमाणे. जाहाचा पुढारी मागणी मान्य होईपर्यंत कप उचलत नाही. मान्य झाली की यजमान म्हणतो, "तुमची कॉफी प्या," आणि पुढारी पितो. तो प्यायला की लग्न ठरलं. त्याआधी कितीही गोड बोलणं झालेलं असो, त्याला अर्थ नाही.

हाज बोलले. अल्लाची स्तुती केली, दोन्ही घराण्यांची नावं घेतली, आणि आमच्या मुईनसाठी तुमची शुरूक मागायला आलो आहोत असं म्हणाले. आवाज मास्कमधून येत होता, तरी भिंतीपर्यंत पोचला.

नायेल हसले. "हाज, तुमच्यासारखा माणूस माझ्या दारात आला, मी नाही कसं म्हणू? आमची शुरूक तुमच्या मुईनची. तुमची कॉफी प्या."

मुईनने श्वास सोडला. पलीकडच्या दारामागे कुजबूज थांबली. बायका आनंदाचा गजर करायला तयार उभ्या होत्या.

हाजांनी कप उचलला नाही.

मला वाटलं, ऐकू आलं नसेल. मी हळूच म्हणालो, "हाज, झालं. प्या." ते कपाकडे बघत बसले.

समोरची माणसं एकमेकांकडे बघू लागली. पुढारी प्याला नाही याचा आमच्याकडे एकच अर्थ होतो: मागणी अजून संपलेली नाही, आणखी काही हवंय. नायेलनाही तेच वाटलं. ते थोडं पुढे सरकले.

"हाज, लग्न बकरी ईदच्या आधी हवंय का? मी ईदनंतर म्हणालो होतो खरा. चला, ईदच्या आधी. मान्य. प्या."

आमच्या बाजूच्या दोघा-तिघांनी माना डोलावल्या, जणू आम्ही हेच मागणार होतो. कप जागच्या जागी.

नायेलनी भावाकडे पाहिलं, मग पुन्हा हाजांकडे. "मुलीने तफीलेतच राहावं असं मी म्हणालो होतो. ते मनात असेल तर..." त्यांचा आवाज जरा खाली आला. ही अट त्यांनी दीड वर्ष सोडली नव्हती. "करकला नेऊ दे. तिची बदली करून घेऊ. झालं?"

मुईन माझ्या कानाशी लागला. "बाबा, हे तुम्ही ठरवलं होतं का?"

"मी काही ठरवलेलं नाही."

"मग हाज काय मागतायत?"

"मला काय माहीत!"

खिशातला फोन थरथरला. पलीकडच्या खोलीतून नजाहचा संदेश होता. 'प्यायले का? आम्ही सगळ्या तोंडं उघडून उभ्या आहोत.'

सुलेमान सुरई घेऊन उभाच होता. त्याचा हात भरून आला असणार. नायेलच्या कपाळावर घाम दिसायला लागला. त्यांनी शेवटचं म्हणून सांगितलं, "जेवणाचं असेल तर तेही बोला. मोठ्या परातीत सगळ्यांनी एकत्र जेवायचं नसेल तर वेगवेगळ्या ताटांत वाढू. डब्यांत भरून देऊ. घरोघरी पोचवू! आणखी काय हवंय, हाज? हे घर नावावर करून देऊ?"

कुणीतरी हसलं आणि लगेच खोकल्याचं सोंग केलं. खोकल्यावर सगळ्यांनी चमकून त्याच्याकडे पाहिलं, तेव्हा त्या बिचाऱ्याला सांगावं लागलं की मी हसलोच होतो.

मी हाजांच्या गुडघ्यावर हात ठेवला. त्यांनी मास्क नाकावर आणखी दाबून धरला. तेव्हा माझ्या डोक्यात पहिल्यांदा आलं की हा माणूस काही मागत नाहीये, हा घाबरलाय. पण कशाला? नायेलला? हाज दैफल्लाह?

तेवढ्यात नायेल उठून उभे राहिले. यजमान असा उठला की पाहुण्याने निघायचं असतं. मुईनचा चेहरा पांढराफटक पडला.

"हाज, मी लेक दिली, अटी सोडल्या. मी स्वतः तुमच्यासमोर ह्याच कपातून प्यायलो. तरी तुम्ही शिवत नाही. म्हणजे माझं घर तुम्हाला स्वच्छ वाटत नाही असंच ना? मग तोंडावर तसं म्हणा, आणि आपण इथेच थांबू."

"नायेल, बसा," हाज म्हणाले. त्यांनी मास्क खाली ओढला. आठ-नऊ महिन्यांत मी त्यांचा पूर्ण चेहरा पाहिला नव्हता. गाल आत गेले होते. "तुमच्या घरात काही खोट नाही. तुम्ही आधी प्यायलात, म्हणूनच माझा हात उचलला जात नाहीये."

"म्हणजे? यजमान आधी पितो तो पाहुण्याचा जीव भांड्यात पडावा म्हणून."

"पूर्वी पडायचा. मी साठ वर्षं असाच निर्धास्त प्यायलोय. आता समोरच्याने आधी ओठ लावले की मला तेच ओठ दिसत राहतात. गेल्या वर्षी मी एका दुःखाच्या घरी बसलो होतो. तिसरा दिवस होता. एकच कप सगळ्यांत फिरत होता. मला प्यायची नव्हती, बाहेर आजार फार होता. पण घरचा माणूस स्वतः प्यायला आणि मला म्हणाला, घ्या, काही होत नाही. मी घेतली. मला नुसता खोकला झाला. बाराव्या दिवशी माझ्या बायकोला, उम्म फिरासला, दवाखान्यात नेलं. मला काचेतूनही बघू दिलं नाही." त्यांनी कपाकडे बोट केलं. "मी लस घेतलीय. दोन्ही. डॉक्टर म्हणाले, आता भिऊ नका. मी घरून ठरवून आलो होतो की प्यायचं. अल्लाशपथ, ठरवून आलो होतो. मुलाचं लग्न मोडायला मी आलेलो नाही."

नायेल उभे होते ते तसेच खाली बसले.

आणि माझं काय झालं ते कसं सांगू? गेल्या वर्षी, ऑक्टोबरात, तिसरा दिवस. ते घर माझं होतं. माझ्या आईचं दुःख. जमायला बंदी होती, तरी मी दार उघडं ठेवलं, कारण आई गेल्यावर कॉफी फिरवली नाही तर लोक काय म्हणतील. त्या माणसाने 'काही होत नाही' म्हटलं, तो माणूस मी. माझ्याच तोंडचे शब्द होते, आणि त्या दिवशी मी ते चाळीस-पन्नास जणांना म्हणालो असेन. हाजांनी माझं नाव घेतलं नाही. माझ्याकडे पाहिलंही नाही.

मी मनात दिवस मोजायला लागलो. बारा दिवस. आजार कपातूनच आला की त्या आठवड्यात त्यांनी पावाच्या रांगेत धरला? की त्यांच्या मुलाने, फिरासने, अम्मानहून आणला? हे आता कोण सांगणार? मी मोजत होतो आणि मोजून काहीच हाती लागत नव्हतं. वहिनी मात्र गेल्या होत्या, आणि तेव्हा मातीही पालिकेच्या माणसांनी दिली होती.

"मग आता कसं करायचं?" शेवटी नायेलनीच विचारलं. राग पार उतरला होता. ते खरोखर विचारत होते. "दुसरा कप आणू? धुऊन आणू? कागदी... सुलेमान, शेजारच्या दुकानात कागदी मिळतील का रे?"

हाजांनी मान हलवली. मग दोन्ही हातांनी कप उचलला आणि माझ्याकडे वळले.

"गालेब, माझ्या नावाने तू पी."

"असं कुठे असतं?" नायेलच्या बाजूचा एक म्हातारा म्हणाला. "पुढाऱ्यानेच प्यायची. दुसऱ्याने प्यायली तर ठरलं म्हणायचं की नाही?"

सगळे नायेलकडे बघायला लागले. नायेल भिंतीकडे बघत होते. "चाचा," ते म्हणाले, "दीड वर्षात जे कुठेच नसतं ते सगळं बघितलं. मला आता काही कळत नाही. प्या, अबू मुईन. मी ठरलं म्हणतो."

कप माझ्या हातात आला. हाजांची बोटं माझ्या बोटांना लागली. ते मला माफ करत होते, की सांगत होते की घे, आता तुझी पाळी? मी त्यांच्या डोळ्यांत बघितलं आणि मला काहीच वाचता आलं नाही. मी एका घोटात प्यायलो. कॉफी गार झाली होती. मलाही भीती वाटली, हे कबूल करतो. लग्नाची नाही, त्या कपाची.

पलीकडे नजाहने गजर केला आणि तीस बायकांचे गळे एकदम सुटले. मुईन नायेलच्या गळ्यात पडला, नायेलनी त्याचे दोन्ही गाल चुंबले. मग सगळेच एकमेकांच्या गळ्यात पडले, आणि मधेच आठवण होऊन दचकून सुटले, आणि पुन्हा पडले. आमच्या पुतण्याने एकाला कोपर लावलं आणि दुसऱ्याचा गाल चुंबला. हाज जागेवर बसून होते. त्यांनी मास्क पुन्हा नाकावर चढवला होता.

परतताना माझ्या गाडीत मी आणि हाज, दोघंच; नजाह आणि मुईन पुतण्याच्या गाडीत. मी चालवत होतो, ते मागच्या सीटवर, चारही काचा खाली. अंतर ठेवायचं म्हणून येतानाही असंच बसलो होतो. तफीलेचा घाट उतरल्यावर मी म्हणालो,

"हाज, ते दुःखाचं घर माझं होतं."

"हो."

"मला आज कळलं."

आरशात त्यांचे डोळे वर आले. "आज?"

"अल्लाशपथ, आज. तुम्ही बोलल्यावर."

मग ते म्हणाले, "मग नऊ महिने तू घरी का आला नाहीस?"

"तुम्हाला आजार लागू नये म्हणून. तुमचं वय. मी शाळेतल्या जुन्या लोकांत मिसळतो, बाजारात जातो. म्हटलं, आपल्यामुळे यांना काही व्हायला नको."

"बघ," ते म्हणाले, आणि त्यांचा तो भिंतीपर्यंत पोचणारा आवाज फुटला. "आणि मी समजत होतो, तुला माझ्यासमोर यायची लाज वाटतेय. रोज मनात म्हणायचो, येऊ दे, मी त्याला एक शब्द बोलणार नाही. संध्याकाळी दाराला कडी लावत नव्हतो, गालेब. फिरास ओरडायचा माझ्यावर."

मी गाडी रस्त्याच्या कडेला थांबवली. उतरलो, मागचं दार उघडलं. जे विचारायचं नऊ महिने राहून गेलं होतं ते विचारलं.

"वहिनींना घरून नेलं तेव्हा त्या काही म्हणाल्या का?"

हाज सीटवर पलीकडे सरकले आणि माझ्यासाठी जागा केली.